सहा आकडे की दोन कोटी?

सीटी स्कॅनमध्ये कवटीचं हाड पांढरंशुभ्र दिसतं. एमआरआयमध्ये तेच हाड काळं. मेंदूभोवतीचं पाणी सीटीत काळपट, तर एमआरआयच्या टी-टू चित्रात लख्ख. बरं, एक चित्र दुसऱ्याची निगेटिव्ह म्हणावं तर तेही जमत नाही. सीटीत सगळा मेंदू जवळपास एकाच करड्या छटेत बुडालेला असतो. एमआरआयमध्ये तोच मेंदू आपल्या घड्या, थर, गाठी सगळं उघडं करून दाखवतो. माणूस तोच, डोकं तेच, आणि दोन चित्रांची एकमेकांशी ओळख नाही. ती मिलिमीटरच्या हिशेबात एकमेकांवर बसवायची, हे विश्रामबागेत राहणाऱ्या एका तरुण इंजिनिअरचं काम आहे. शोधनिबंधांत याला 'इमेज रजिस्ट्रेशन' म्हणतात, रेडिओथेरपी विभागात सगळे नुसतं 'फ्यूजन' म्हणतात. लेखात आपलं नाव नको, असं तिने आधीच सांगून टाकलं, म्हणून इथे ती नुसती 'ती'.

विश्रामबाग या कामाला जागा म्हणून बरी आहे. सांगली आणि मिरज यांच्या मधोमध हा भाग. दोन्हीकडे जायला रिक्षा, बस आणि स्वतःचं छोटं रेल्वे स्टेशनसुद्धा. १९१९ सालचं विलिंग्डन कॉलेज इथलं, १९४७ सालचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयही इथलंच. पूर्वेला मिरज, जिथे डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं हॉस्पिटल उभं केलं आणि तेव्हापासून अथणी, चिकोडी, विजापूर, जत, पंढरपूर अशा चहूकडच्या पेशंटांचा ओघ लागला, तो आजही चालू आहे. म्हणजे एका हाताला इंजिनिअर, दुसऱ्या हाताला डॉक्टर. ती पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी घरूनच काम करते. शंभर फुटी रस्त्याजवळच्या फ्लॅटमध्ये एक खोली, दोन मोठे स्क्रीन, एक ग्राफिक्स कार्ड आणि वीज गेली तर इन्व्हर्टर. पण हे काम तिला खरं शिकवलं ते जवळच्याच एका रेडिओथेरपी केंद्रातल्या मेडिकल फिजिसिस्ट मॅडमनी.

मेडिकल फिजिसिस्ट म्हणजे कोण, हे पेशंटला क्वचितच कळतं. डॉक्टर भेटतात, मशीनवरचे टेक्नॉलॉजिस्ट भेटतात. किरणांची मात्रा मोजून, आखून, तपासून देणारा माणूस आतल्या खोलीत असतो. आपल्याकडे या लोकांची मोठी शाळा मुंबईतली. भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा १९६२ पासून चालू आहे आणि देशभरच्या केंद्रांतले किती तरी फिजिसिस्ट तिथूनच घडले. या मॅडमही तिथल्याच. पंचविसेक वर्षांचा अनुभव, आवाज खणखणीत, आणि संगणकाने दाखवलेल्या कुठल्याही गोष्टीवर पहिल्या झटक्यात विश्वास न ठेवण्याची सवय.

दोन्ही स्कॅन लागतातच कशाला? तर सीटी मुळात मोजमाप आहे. गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रात १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या पेशंटचं डोकं तपासलं गेलं. सीटीच्या प्रत्येक ठिपक्याला जो आकडा असतो तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो: पाणी शून्य, हवा उणे हजार, हाड कित्येक शे. किरण कुठल्या पेशीसमूहातून किती अडतील हे त्या आकड्यावरून काढता येतं, म्हणून मात्रेचं गणित सीटीवर होतं. एमआरआयच्या छटांमधून असं गणित सरळ निघत नाही. पण गाठ कुठे संपते आणि निरोगी मेंदू कुठे सुरू होतो, हे दाखवण्यात सीटी कच्चा आणि एमआरआय पक्का. त्यामुळे डॉक्टर गाठीची हद्द, म्हणजे कॉन्टूर, एमआरआय बघून काढतात आणि फिजिसिस्ट मात्रा सीटीवर बसवतात. मध्ये फ्यूजन. ते तीन मिलिमीटर सरकलं तर कॉन्टूर सरकला, कॉन्टूर सरकला तर किरण सरकले. डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्या जागेला एकूण ५४-५५ ग्रेच्या वर मात्रा जाऊ नये म्हणून सगळे जपत असतात. गाठीला त्याहून जास्त द्यायची असू शकते आणि दोहोंतलं अंतर कधी कधी बोटाच्या पेराएवढंही नसतं.

पुस्तकात हे सरळ वाटतं. प्रत्यक्षात पेशंटचा प्लॅनिंग सीटी सपाट, कडक टेबलावर होतो. चेहऱ्यावर जाळीचा प्लास्टिकचा मास्क गरम पाण्यात मऊ करून घट्ट बसवलेला, हनुवटी ठरावीक उंचीला. एमआरआय मात्र त्याआधीच कुठे तरी झालेला असतो: दुसरं शहर, दुसरं यंत्र, मऊ खोलगट गादी, मान आपल्या सोयीने वळलेली. सीटीचे काप अडीच-तीन मिलिमीटरचे, एमआरआयचे पाच, वर दोन कापांच्या मध्ये मोकळी फट. काही पेशंट सीडी आणतात, काही नुसत्या फिल्मा. एकदा एका नातेवाइकाने फिल्म खिडकीला धरून काढलेले फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले होते. फिल्मवर माणूस निदान वाचू शकतो. संगणकाला मात्र प्रत्येक ठिपका अवकाशात नेमका कुठे आहे हे सांगणारी मूळ डायकॉम फाइल लागते. ती नसेल तर फ्यूजनचा प्रश्न तिथेच मिटतो.

कवटी वाकत नाही. ती फक्त सरकते आणि वळते: तीन दिशांना सरकणं, तीन अक्षांभोवती वळणं. म्हणजे दोन स्कॅन जुळवायला सहा आकडे पुरतात. याला 'रिजिड' म्हणतात. हे सहा आकडे शोधायचे कसे, हा जुना प्रश्न आणि त्याचं उत्तर तिच्या मते या सगळ्या क्षेत्रातलं सर्वांत देखणं उत्तर आहे. रंगच वेगळे असतील तर 'सारखं दिसतं का' हे विचारून उपयोग नाही. समजा, तासगावकडच्या एकाच गावाचे दोन पीकनकाशे आहेत. एकाने द्राक्षबागा पिवळ्या रंगवल्या, ऊस निळा, हळद लाल. दुसऱ्याने आपल्या मर्जीने द्राक्षं हिरवी, ऊस करडा, हळद काळी. रंगांची सूची कुणाकडेच नाही. तरी नकाशे नीट एकावर एक बसले की पिवळ्याखाली बहुतेक ठिकाणी हिरवाच येतो, निळ्याखाली करडाच. जरा सरकवले की पिवळ्याखाली हिरवा, करडा, काळा असं सगळं येऊ लागतं. एकातला रंग कळल्यावर दुसऱ्यातल्या रंगाबद्दलची अनिश्चितता किती कमी होते, हे मोजायचं आणि ती जिथे सर्वांत जास्त कमी होते तिथे थांबायचं. या मोजमापाला 'म्युच्युअल इन्फर्मेशन' म्हणतात. १९९५ च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीमधले पॉल व्हायोला आणि विल्यम वेल्स, आणि बेल्जियममधल्या लुव्हेनचा कोलिन्यों आणि मास यांचा गट, या दोन्ही गटांना ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली. रेडिओथेरपीच्या प्लॅनिंग सॉफ्टवेअरमधल्या 'ऑटो' बटणामागे आजही बहुधा हेच गणित असतं.

मग डीप लर्निंगची गरज काय? तिच्या कंपनीने तिला घेतलं ते याच प्रश्नाचं उत्तर म्हणून.

मेंदूला सहा आकडे चालतात; मान, फुप्फुस, यकृत, गर्भाशय यांना चालत नाहीत. ते वाकतात, फुगतात, एकमेकांवरून घसरतात. तिथे प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्रपणे 'तू किती सरक' असं सांगावं लागतं. अशी वाकवून जुळवणी जुन्या पद्धतीने करायची तर संगणक एकेका जोडीवर कितीतरी वेळ घासत बसायचा. २०१८ मध्ये एमआयटीच्या परिसरातून व्हॉक्सेलमॉर्फ नावाची पद्धत आली. गुहा बालकृष्णन, एड्रियन डाल्का आणि त्यांचे सहकारी. कल्पना अशी: दोन्ही स्कॅन एका न्यूरल नेटवर्कला द्यायचे, त्याने प्रत्येक ठिपक्याचं सरकणं एका दमात सांगायचं, त्याप्रमाणे एक स्कॅन वाकवायचा आणि दुसऱ्याशी किती जुळला ते बघायचं. जुळणी वाढेल आणि वाकणं गुळगुळीत राहील अशा तऱ्हेने हजारो जोड्यांवर नेटवर्कला शिकवायचं. बरोबर उत्तर कुणी लिहून द्यावं लागत नाही. त्यांच्या २०१९ च्या निबंधात साडेतीन हजारांहून जास्त मेंदूंचे एमआरआय वापरले होते. शिकून झालं की नवी जोडी ग्राफिक्स कार्डवर सेकंदाभरात. त्याच निबंधात तुलनेसाठी घेतलेली अँट्स ही नावाजलेली जुनी पद्धत साध्या प्रोसेसरवर दोन तासांहून जास्त वेळ घेत होती.

त्या निबंधातल्या एका मेंदूच्या चित्रात १६० गुणिले १९२ गुणिले २२४ ठिपके आहेत, म्हणजे ६८ लाख ८१ हजार २८०. प्रत्येकासाठी तीन आकडे धरले तर दोन कोटी सहा लाखांच्या वर. सहा आकड्यांवरून एकदम दोन कोटींवर.

तिने पहिलं प्रात्यक्षिक दाखवलं तेव्हा पडद्यावर हिरवा सीटी आणि गुलाबी एमआरआय एकमेकांत असे मिसळले होते की कडेला कुठे रंगाची रेघही उरली नव्हती. मॅडम बराच वेळ माउसचं चाक फिरवत काप वरखाली करत राहिल्या. मग म्हणाल्या, "जुळलंय छान. पण हे वाकवलंस कुणाला विचारून?"

"मॅडम, नेटवर्कनं—"

"ते कळलं गं. पण या पेशंटचं ऑपरेशन झालंय. एमआरआय आधीचा, सीटी नंतरचा. गाठ होती तिथं आता खड्डा आहे. तुझ्या नेटवर्कनं खड्ड्यात काय भरलं, सांग बघू."

भरलं होतं ते शेजारचं निरोगी मेंदूचं द्रव्य. नेटवर्कला शिकवणच अशी की समोरच्या प्रत्येक ठिपक्याला इकडे कुठे तरी जोडीदार असतोच. गाठ काढून टाकली की जोडीदार नसतो, आणि नेटवर्कला 'नाही' म्हणता येत नाही. मग ते आजूबाजूचं ओढून-ताणून जागा भरतं, आणि ते इतक्या सफाईने की चित्र रिजिडपेक्षा सुंदर दिसतं. ही अडचण जगभरच्या लोकांना माहीत आहे. २०२२ मध्ये 'ब्रेट्स-रेज' नावाची स्पर्धाच मेंदूच्या गाठींचे उपचाराआधीचे आणि नंतरचे एमआरआय जुळवण्यावर घेतली गेली. पण निबंधात वाचणं वेगळं आणि जिथे कुणाची तरी गाठ होती तिथे निरोगी मेंदू नीट रंगवलेला बघणं वेगळं. त्या पेशंटसाठी मॅडमनी सहा आकडेच वापरले, खड्ड्याची कड सीटीवर आणि नंतरच्या एमआरआयवर हाताने तपासली आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला.

तिच्यापुरता मात्र तिथून सुरू झाला. जुळलं हे ठरवायचं कशावरून?

या प्रश्नावर एक शोधनिबंध आहे, तो ती नव्या सहकाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात वाचायला देते. टॉर्स्टन रोल्फिंग यांचा, २०१२ सालचा. त्यांनी एक पद्धत बनवली आणि तिचं नाव ठेवलं 'कर्ट'. इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ 'रजिस्ट्रेशनचं संपूर्ण निरुपयोगी साधन'. ही पद्धत शरीररचनेचा विचारच करत नाही. एका चित्रातले ठिपके उजेडाप्रमाणे क्रमाने लावते, दुसऱ्यातलेही लावते आणि सर्वांत उजळ ठिपका सर्वांत उजळाच्या जागी, दुसरा दुसऱ्याच्या जागी असं उचलून ठेवते. डाव्या कानाजवळचा ठिपका उजव्या डोळ्यामागे गेला तरी तिला पर्वा नाही. आणि तरी, संशोधक सर्रास वापरत असलेल्या मोजमापांवर, म्हणजे चित्रांचं साम्य आणि करड्या-पांढऱ्या द्रव्याचं एकमेकांवर येणं यांवर, कर्टला नावाजलेल्या पद्धतींपेक्षाही चांगले गुण मिळाले. लहान, नेमक्या अवयवांच्या जुळणीवर तपासल्यावरच तिचं पितळ उघडं पडलं. थट्टा म्हणून हा निबंध उत्तम आहेच. शिवाय, चित्र साम्यावर बेतलेलं नेटवर्क नेमकं त्याच साम्यावर पास झालं म्हणून खूश होणं किती पोकळ आहे, हे त्यातून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नसावं.

याहून कडक परीक्षा त्याच्याही आधी झाली होती. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी काही पेशंटांच्या कवटीत बारीक खुणा बसवलेल्या असायच्या. त्या सीटीतही दिसतात, एमआरआयमध्येही. त्यांच्यावरून खरी जुळणी काढून ठेवली, मग चित्रांतून खुणा पुसून टाकल्या आणि ती कोरी चित्रं वेगवेगळ्या देशांतल्या गटांना पाठवली. 'जुळवा आणि उत्तर आम्हाला कळवा.' निकाल १९९७ मध्ये छापले गेले. त्याच गटातले फिट्झपॅट्रिक यांनी पुढे गणिताने दाखवलं की ज्या खुणांवरून जुळवणी केली त्या खुणा किती नेमक्या जुळल्या, यावरून गाठीच्या जागी किती चूक राहिली हे सांगताच येत नाही. दोहोंचा परस्परसंबंध शून्य. खुणा छान बसल्या म्हणून निश्चिंत होणाऱ्या साऱ्या सर्जनांना आणि इंजिनिअरांना हे कडूच लागलं असणार.

मिरज-सांगलीत कुणाच्या कवटीत स्क्रू बसवून प्रयोग होणार नाहीत. मग दुसरा मार्ग म्हणजे शरीरानेच दिलेल्या खुणा. मॅडमनी तिला त्या एकेक करून दाखवल्या. आतल्या कानातला शंख, कॉकलिया, ही त्यांची सर्वांत लाडकी. सीटीच्या हाडांच्या छटांमध्ये तो हाडात कोरलेला दिसतो आणि टी-टू एमआरआयमध्ये आतल्या पाण्यामुळे चमकतो. जागा तीच, कारण वेगळं. मग डोळ्यातलं भिंग, पिट्यूटरीची खोबण, कानाच्या नसेचं भुयार. "बघ की, हे दोन्हीकडं आपापल्या कारणानं दिसतंय. म्हणून याच्यावर विश्वास ठेवायचा," हे मॅडमचं सूत्र. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या मुलीला अशी शरीररचना शिकवणारं पुस्तक नसतं. तिने आपली वही केली, ती आता जाडजूड झालीय.

एकच खूण दोघींनी वेगवेगळी टिपली तर त्यांच्यातही एखाद-दोन मिलिमीटरचा फरक पडतो. तेव्हा अमक्या नेटवर्कची चूक ०.८ मिलिमीटर, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की तिला आधी विचारावंसं वाटतं, टिपणारा कोण होता? अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा १३२ क्रमांकाच्या टास्क ग्रुपचा अहवाल २०१७ मध्ये आला. त्यात अपेक्षा जमिनीवरची आहे: चूक सर्वांत मोठ्या ठिपक्याच्या मापाएवढी, साधारण दोन-तीन मिलिमीटरच्या आत. आणि वाकवलेल्या जागेची घडी कुठेही पडता कामा नये. घडी पडणं म्हणजे काय, तर अवकाशाचा एक तुकडा उलटा होऊन दुसऱ्यावर पडणं. गणितात तिथे जेकोबियन ऋण होतो. शरीरात असं होत नाही, म्हणून ही चाचणी सोपी आणि निर्दय आहे.

डाव्या-उजव्याचा घोळ हा वेगळाच प्रकार. रुग्णालयातली डायकॉम फाइल अक्ष मोजते ते पेशंटच्या डाव्या बाजूकडे. संशोधनात वापरतात ती निफ्टी फाइल मोजते ते उजवीकडे. रूपांतर करणारा प्रोग्राम एक चिन्ह विसरला की डोकं आरशातलं होतं. मेंदू दोन्ही बाजूंनी इतका सारखा की साम्याच्या मोजमापाला त्याचा पत्ताही लागत नाही. गाठ फक्त दुसऱ्या बाजूला गेलेली असते. एमआरआयवर संशोधन करणारे लोक यासाठी एक साधी युक्ती करतात. पेशंटच्या एका बाजूला, ठरवून उजव्याच, व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चिकटपट्टीने लावतात. तेलामुळे ती स्कॅनमध्ये ठळक दिसते. लाखो रुपयांच्या सॉफ्टवेअरची राखण मेडिकलच्या दुकानात मिळणारी गोळी करते, हे तिला फार आवडतं. तिच्या प्रोग्राममध्येही आता उजवी-डावी तपासल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही.

आता राहिला शिकवणीचा प्रश्न. जगात उघडपणे मिळणारे स्कॅन बहुतेक परदेशातल्या संशोधनातले: एकेक मिलिमीटरचे काप, सगळीकडून सारखे, पेशंट पैसे घेऊन निवांत पडून राहिलेले स्वयंसेवक. इथे येतो तो पाच मिलिमीटर कापांचा, दुखणाऱ्या माणसाचा, अर्धवट हललेला एमआरआय. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट आपल्याकडे भरपूर. महाराष्ट्राने गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी घातली तरी तंबाखू मळण्याचे परिणाम अजून रांगेत उभे आहेत. त्यांच्या तोंडात धातूचे दात, कॅप. सीटीत त्यांच्यामुळे चांदण्यांसारखे पट्टे पसरतात, एमआरआयमध्ये तिथे काळं भोक पडतं आणि भोवतालचं चित्र वाकतं. वाकतं ते यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रामुळे, शरीर तिथे सरळच असतं. म्हणजे कवटीला सहा आकडे पुरतात हेही पूर्ण खरं नव्हे. चित्रच वाकडं आलं तर कवटीही वाकलेली दिसते.

हार्वर्ड आणि एमआयटीमधल्या माल्टे हॉफमन आणि सहकाऱ्यांच्या सिंथमॉर्फने या बाबतीत तिला खरा हात दिला. त्यांनी विचार केला तो उलट्या बाजूने: नेटवर्कला खरे स्कॅन दाखवायचेच नाहीत. संगणकाने निव्वळ गोंधळातून वेडेवाकडे आकार बनवायचे, प्रत्येक आकाराला मनात येईल ती छटा द्यायची, धूसर करायचं, डाग पाडायचे, वाकवायचे. एकाच आकाराच्या दोन वेगवेगळ्या रंगवलेल्या प्रती नेटवर्कला द्यायच्या आणि जुळव म्हणायचं. असं लाखो वेळा झालं की नेटवर्क छटेकडे बघणं सोडून देतं आणि आकाराकडे बघायला शिकतं. मग सीटी आला काय, एमआरआय आला काय. ही कल्पना घेऊन तिने त्या खोट्या चित्रांत इथले दोष मुद्दाम घातले: पाच मिलिमीटरचे जाड काप, मधल्या फटी, दातांचे पट्टे, मानेची तिरपी बसकण. इथल्या पेशंटांची शेकडो चित्रं मागण्यापेक्षा इथल्या चित्रांतले दोष नक्कल करणं सोपं होतं आणि सरळही.

सरळ अशासाठी की डोक्याचा स्कॅन हा चेहराही असतो. फाइलमधून नाव, जन्मतारीख, पत्ता काढून टाकला तरी चित्रावरून चेहरा परत उभा करता येतो. मेयो क्लिनिकच्या गटाने २०१९ मध्ये ८४ स्वयंसेवकांच्या एमआरआयवरून चेहरे उभे केले आणि साध्या चेहरा-ओळख सॉफ्टवेअरने त्यातले ८३ टक्के त्यांच्या फोटोंशी जुळवून दाखवले. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण मॅडमचा नियम त्याआधीचा: केंद्रातला स्कॅन केंद्राबाहेर जाणार नाही. तिनेच लॅपटॉप घेऊन तिकडे जायचं. क्लाउड नाही, पेन ड्राइव्ह नाही. कंपनीतल्या काही लोकांना हे मागासलेपणाचं वाटलं. तिला नाही वाटलं. मिरजेत एकमेकांना ओळखणारी माणसं जरा जास्तच आहेत.

दोन कोटी आकड्यांची खरी गरज कुठे पडते, हे तिला कळलं ते गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशंटांमध्ये. पेशंट ज्याला 'शेक' म्हणतात ते बाहेरून द्यायचे किरण झाले की गर्भाशयात नळी बसवून आतून मात्रा देतात, थोड्या थोड्या दिवसांनी, काही वेळा. दर वेळी एमआरआय परवडत नाही. पहिल्यांदा एमआरआय आणि मग सीटी, असं काही ठिकाणी करतात. पण दर वेळी मूत्राशय कमी-जास्त भरलेलं, गुदाशयात कधी वायू, आतडं इकडून तिकडे गेलेलं. मूत्राशय दुप्पट फुगतं तेव्हा त्याची भिंत ताणते आणि शेजारच्या अवयवावरून घसरते. गुळगुळीत वाकण्याचा नियम लावलेल्या नेटवर्कला घसरणं समजतच नाही, ते दोघांनाही एकत्र ओढतं. अशा मोठ्या, पण घडी न पडणाऱ्या वाकण्याचं गणित ज्यांनी घडवलं त्यांत युटा विद्यापीठाचे सारंग जोशी हे एक ठळक नाव. मायकेल मिलर यांच्याबरोबरचा त्यांचा २००० सालचा निबंध आजही वाचावा लागतो, कारण नव्या नेटवर्कांच्या पोटात तेच गणित आहे. तरी मूत्राशयापुढे सगळ्यांनाच हात टेकावे लागतात. मॅडम तिथे नळीलाच आधार धरतात: नळी कडक आहे, दोन्हीकडे दिसते, गाठ तिला चिकटून आहे. नळीभोवती सहा आकडे आणि मूत्राशयाची हद्द त्या दिवशीच्या सीटीवर नव्याने. वाकवण्याचं उत्तर त्या उघडतात ते फक्त दुसरं मत म्हणून. मानेलाही असंच. पूर्ण मान जुळवायचा हट्ट सोडून कवटीच्या तळाभोवती चौकोन आखायचा, तेवढाच भाग रिजिड जुळवायचा आणि खालच्या गाठींसाठी दुसरा चौकोन.

यात तिचं नेटवर्क कुठे बसलं? पुष्कळ ठिकाणी, पण तिला वाटलं होतं तिथे नव्हे. सहा आकडे शोधायला ते अतिशय उपयोगी ठरलं. जुनं 'ऑटो' बटण मान फार वळली असेल किंवा एमआरआयमध्ये अर्धंच डोकं असेल तर भलतीकडे जाऊन अडकायचं. छटा न बघता आकार बघणारं नेटवर्क तिथून सुटतं आणि क्षणात बऱ्यापैकी जवळ आणून ठेवतं, पुढचं बारीक काम म्युच्युअल इन्फर्मेशनने करायचं. वाकवणं आहे, पण ते मागावं लागतं आणि मागताना कारण निवडावं लागतं. ऑपरेशन झालेल्या पेशंटला तो पर्याय दिसतच नाही. विक्रीच्या लोकांना हे फारसं रुचलं नाही. प्रात्यक्षिकात वाकणारी जाळी फार देखणी दिसते आणि तीच दाखवता येत नाही म्हणजे काय!

सध्या दोघींचा वाद चाललाय तो वेगळ्याच गोष्टीवर. तिने थोड्या वेगळ्या शिकवणीची काही नेटवर्कं एकाच जोडीवर चालवून बघितली. जिथे सगळ्यांचं एकमत तिथे रंग नाही, जिथे मतभेद तिथे नारिंगी, फार मतभेद तिथे लाल. डॉक्टरांना खात्री कुठे कमी आहे ते पडद्यावरच दिसावं, असा तिचा आग्रह. मॅडमचं म्हणणं, सगळ्या नेटवर्कांना एकच गोष्ट माहीत नसेल तर ती सगळी एकमताने चुकतील आणि तिथे रंगच येणार नाही. ऑपरेशनचा खड्डा तसाच होता. आणि रंग एकदा दिसला की माणूस रंगच बघतो, शंख बघत नाही. तोडगा म्हणून पुढच्या आवृत्तीत क्रम बदललाय. आधी डॉक्टरने कॉकलिया, भिंग, खोबण अशा ठरलेल्या जागा दोन्ही चित्रांत बघून जुळल्या की नाही ते नोंदवायचं, त्यानंतरच रंग उघडणार. एका डॉक्टरांनी विचारलंय, गर्दीच्या दिवशी ही पायरी गाळता येईल का. मॅडम नाही म्हणाल्यात. ती अजून विचार करतेय, कारण गाळू न देणारं बटण लोक वापरायचंच सोडतात, हेही तिने पाहिलंय.